अविश्वास ठराव वाचायचा कसा? सूचनेपासून मतविभाजनाच्या यादीपर्यंत

अविश्वास ठरावाची कुणकुण लागली की वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, सरकार पडणार का?" नवी पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यव्यवस्था शिकवताना मी या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देतो. १९६३ पासून २०२३ पर्यंत लोकसभेत २८ अविश्वास ठराव आले आणि त्यातला एकही मंजूर झाला नाही.

सरकारं मात्र पडली. ती पडली विश्वासदर्शक ठरावावर, किंवा मतदानाची वेळ यायच्या आधीच दिलेल्या राजीनाम्यावर. त्यामुळे शेवटचा आकडा तेवढा बघणारा माणूस गोष्टीचा निम्मा भाग हुकवतो. सूचना कधी दिली, कोण उभं राहिलं, व्हीप (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश) कोणी काढला, कोण त्या दिवशी गायब होतं, खरा निकाल बहुतेक वेळा इथे लागलेला असतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे "किती सदस्यांचा पाठिंबा लागतो? पन्नास" एवढ्यावर भागत नाही. आणि परीक्षा द्यायची नसली तरी टीव्हीसमोर बसून अँकरच्या आरड्याओरड्यातून नेमकं काय चाललंय हे कळायला पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

आधी ठराव कोणता ते ओळखा

संविधान उघडून "अविश्वास ठराव" शोधत बसू नका. तिथे आहे ते तत्त्व: अनुच्छेद ७५(३) प्रमाणे केंद्रीय मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. राज्यासाठी हीच गोष्ट अनुच्छेद १६४(२) मध्ये आहे, फक्त तिथे लोकसभेच्या जागी विधानसभा. प्रत्यक्ष पद्धत सभागृहाच्या नियमांत सापडते. लोकसभेचा नियम आहे १९८. राज्यसभेत आणि विधान परिषदेत हा ठराव येत नाही, कारण मंत्रिमंडळ त्यांना जबाबदारच नाही.

ठराव एका ओळीचा असतो: हे सभागृह मंत्रिपरिषदेवर अविश्वास व्यक्त करते. कारण देण्याची गरज नाही. एकट्या मंत्र्यावर तो आणता येत नाही, अख्ख्या मंत्रिमंडळावरच येतो. एखाद्या मंत्र्याला किंवा एखाद्या धोरणाला धारेवर धरायचं असेल तर निंदाव्यंजक ठराव. त्याला कारणं द्यावी लागतात आणि तो मंजूर झाला तरी सरकारवर राजीनाम्याची सक्ती नाही. मुलं या दोघांत हमखास गोंधळतात.

विश्वासदर्शक ठराव उलट्या बाजूने येतो. तो सरकार स्वतः मांडतं, बहुतेकदा राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितलं म्हणून. नोव्हेंबर १९९० मध्ये व्ही. पी. सिंह १४२ विरुद्ध ३४६ ने हरले, एप्रिल १९९७ मध्ये देवेगौडा १५८ विरुद्ध २९२ ने, आणि १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी २६९ विरुद्ध २७० ने. तिन्ही वेळा ठराव विश्वासाचा होता. "वाजपेयी सरकार अविश्वास ठरावाने एका मताने पडलं" हे वाक्य मी इतक्या उत्तरपत्रिकांत वाचलं आहे की आता लाल पेन आपोआप उठतं.

चौथा प्रकार अध्यक्षांना हटवण्याच्या ठरावाचा. त्याला १४ दिवसांची आगाऊ सूचना लागते आणि सभागृहाच्या तत्कालीन एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, नुसत्या हजर असलेल्यांचं नाही. १९५४ मध्ये पहिले लोकसभा अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्याविरुद्ध असा ठराव आला होता आणि तो फेटाळला गेला.

पहिली पायरी: सूचना, सकाळी दहाच्या आत

लोकसभेचा कोणताही एक सदस्य लेखी सूचना देऊ शकतो. ज्या दिवशी ठराव मांडण्याची परवानगी मागायची त्या दिवशी सकाळी दहापर्यंत ती महासचिवांकडे पोहोचली पाहिजे. दहानंतर आलेली सूचना दुसऱ्या दिवशीची धरतात. सूचना देणारा पक्ष मोठा असायची गरज नाही. मूळचे पुण्याचे मधु लिमये बिहारमधून निवडून जायचे, त्यांच्या पक्षाचे खासदार मोजकेच होते, तरी इंदिरा गांधींच्या सरकारविरुद्ध त्यांनी १९६७ आणि १९७० अशा दोन वेळा ठराव मांडला. इंदिरा गांधींनी एकूण १५ ठराव झेलले. एवढे दुसऱ्या कुठल्याच पंतप्रधानांच्या वाट्याला आले नाहीत.

इथे बातमी वाचताना एकच बघायचं: सूचना दिली आहे की स्वीकारली आहे? या दोन शब्दांत कधीकधी महिने जातात.

दुसरी पायरी: पन्नास जण उभे राहतात

अध्यक्ष सूचना वाचून दाखवतात आणि परवानगी देण्याच्या बाजूने असलेल्यांना जागेवर उभं राहायला सांगतात. ५० किंवा जास्त सदस्य उभे राहिले की परवानगी मिळाली. हा ५० चा आकडा नियमातला आहे, संविधानातला नाही.

ऐकायला सोपं आहे, पण मोजायला सभागृह शांत असावं लागतं. मार्च २०१८ मध्ये तेलुगू देसम आणि वायएसआर काँग्रेसने एकामागून एक सूचना दिल्या. हौद्यात, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, फलक घेऊन उतरलेल्या सदस्यांमुळे रोज गदारोळ, आणि अध्यक्ष सुमित्रा महाजन यांचं म्हणणं होतं की सभागृह सुरळीत नसताना ५० जण मोजता येत नाहीत. अधिवेशन तसंच संपलं. मग पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, १८ जुलैला, सूचना स्वीकारली गेली आणि २० जुलैला चर्चा व मतदान उरकलं. सरकारही तेच आणि विरोधकही तेच होते. गोंधळ कोण घालतंय आणि त्यामुळे काय होत नाहीये, हे बघायची सवय लावून घ्या. गोंधळाचा फायदा नेहमी गोंधळ घालणाऱ्यालाच होतो असं नाही.

परवानगी मिळाली की चर्चेचा दिवस अध्यक्ष ठरवतात. नियमातली मर्यादा दहा दिवसांची. २०२३ मध्ये मणिपूरच्या प्रश्नावर गौरव गोगोई यांची सूचना २६ जुलैला स्वीकारली आणि चर्चा ८ ऑगस्टला सुरू झाली. कॅलेंडर घेऊन मोजलं तर तेरा दिवस होतात. मधल्या काळात सरकारने विधेयकं मंजूर करून घेतली, आणि अविश्वासाची सूचना स्वीकारल्यावर आधी तिचा निकाल लागला पाहिजे असं विरोधक ओरडून सांगत राहिले. कोर्टात जाऊन फारसं काही हाती लागण्यासारखं नव्हतं, कारण संसदेच्या कामकाजातल्या पद्धतीच्या अनियमिततेत न्यायालयांनी डोकावू नये असं अनुच्छेद १२२ सांगतो. अध्यक्षपदासाठी पक्ष एवढे का भांडतात, त्याचं एक उत्तर इथे आहे.

तिसरी पायरी: व्हीप कोणाचा, कोणावर

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात चुकीची समजली जाणारी पायरी हीच.

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, म्हणजे आपला पक्षांतरबंदी कायदा. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, आधी परवानगी घेतली नव्हती आणि पक्षाने १५ दिवसांत माफही केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. मूळ कायद्यात एक तृतीयांश लोक फुटले तर ती "फूट" धरून त्यांना संरक्षण होतं. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ते काढलं. आता दोन तृतीयांश आमदार-खासदारांनी दुसऱ्या पक्षातलं विलीनीकरण मान्य केलं तरच संरक्षण.

आता तो नेहमीचा प्रश्न: व्हीप मोडून दिलेलं मत बाद होतं का? नाही. मत मोजलं जातं. अपात्रतेचं प्रकरण वेगळं चालतं, ते अध्यक्षांपुढे, आणि त्याचा निकाल येईपर्यंत तो सदस्य सदस्यच असतो. १९९९ मध्ये नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश झुगारून वाजपेयी सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षाने त्यांना काढलं, पण सरकार पडायचं ते पडलंच. व्हीप म्हणजे सिग्नलवर उभा असलेला वाहतूक पोलीस. तो पावती फाडेल, गाडी अडवून धरणार नाही.

म्हणून ज्यांना सरकार पाडायचंच आहे ते सदस्यत्वावर पाणी सोडायची तयारी ठेवून येतात. जुलै २०१९ मध्ये कर्नाटकातले बंडखोर आमदार मुंबईच्या हॉटेलात जाऊन बसले आणि २३ जुलैला कुमारस्वामी सरकार ९९ विरुद्ध १०५ ने कोसळलं. आमदार अपात्र ठरले, सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली पण पोटनिवडणूक लढवायला मोकळीक दिली. डिसेंबरात १५ जागांच्या पोटनिवडणुका झाल्या आणि त्यातल्या १२ भाजपने जिंकल्या. कायद्यातली पळवाट एवढी रुंद असेल तर तिला वाटच म्हणायला हवं.

व्हीप काढायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे २०२२ मध्ये पेटला. एकाच शिवसेनेत दोन प्रतोद, म्हणजे व्हीप काढणारे पदाधिकारी, दोघांचेही आदेश, आणि दोघांचंही म्हणणं समोरचा गट फुटीर. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे सभागृहातल्या त्याच्या आमदारांच्या गटाचा, नाही. पण खरा राजकीय पक्ष कोणता हे ठरवणं अध्यक्षांकडेच राहिलं, आणि १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गटाच्या बाजूने निर्णय दिला. निकाल आणि निर्णय शेजारी ठेवून वाचा. तत्त्व एकीकडे आणि हाती लागलेलं फळ दुसरीकडे, असं चित्र दिसेल.

चौथी पायरी: चर्चा, म्हणजे हरणाऱ्याची कमाई

आकडे जुळत नाहीत हे माहीत असताना ठराव आणायचा कशाला? कारण सरकारला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतका वेळ खुर्चीवर बसवून ऐकवता येत नाही. चर्चेत विषयाचं बंधन नसतं. शेतीपासून परराष्ट्र धोरणापर्यंत काहीही काढता येतं आणि शेवटी पंतप्रधानांना उत्तर द्यावं लागतं.

पहिला ठराव ऑगस्ट १९६३ चा, आचार्य कृपलानींनी नेहरूंच्या सरकारविरुद्ध मांडलेला. चीन युद्धाची जखम ताजी होती. चर्चा चार दिवस चालली, बाजूने ६२ आणि विरोधात ३४७ मतं पडली. आकडा बघून कोणी म्हणेल, फज्जा उडाला. पण त्याच चर्चेत नुकतेच पोटनिवडणुकीत जिंकून आलेले राममनोहर लोहिया उभे राहिले आणि देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात असं म्हणाले. सरकारी बाजूने पंधरा आण्यांचा आकडा आला. "तीन आणे की पंधरा आणे" हा वाद गरिबी कशी मोजायची या प्रश्नाची सुरुवात मानला जातो. ठराव पडला, वाद उरला.

२०२३ चा ठरावही याच जातीचा. सरकारकडे भक्कम बहुमत होतं, विरोधकांनी उघड सांगितलं होतं की पंतप्रधानांना मणिपूरवर सभागृहात बोलतं करायचंय. १० ऑगस्टला पंतप्रधान दोन तासांहून जास्त बोलले. मणिपूरचा विषय निघेना म्हणून वाट बघून विरोधक सभात्याग करून गेले आणि ठराव आवाजी मतदानाने फेटाळला गेला.

ऐकताना हे लक्षात ठेवा: प्रत्येक पक्षाला वेळ त्याच्या संख्याबळाच्या प्रमाणात मिळतो. ठराव मांडणारा पहिला बोलतो, पंतप्रधानांनंतर त्याला पुन्हा उत्तराचा हक्क असतो. मोठ्या पक्षाच्या दहाव्या वक्त्यापेक्षा लहान पक्षाचा एकुलता एक वक्ता बहुधा कामाचं बोलतो. त्याच्याकडे मिनिटंच मोजकी असतात.

पाचवी पायरी: मतदान जवळून

अध्यक्ष आधी तोंडी मत घेतात. होय म्हणणारे, नाही म्हणणारे, आणि मग "नाहीचे बहुमत" किंवा "होयचे बहुमत" असा आवाजावरून अंदाज. कोणी आव्हान दिलं की मतविभाजन, म्हणजे कोणी कुठे मत दिलं याची नोंद करणारं मतदान. लॉबी रिकाम्या करायचा हुकूम होतो, घंटा साडेतीन मिनिटं वाजते, कँटीनमध्ये आणि खोल्यांत असलेले सदस्य धावत येतात, आणि मग दारं बंद.

जुन्या संसद भवनात प्रत्येक आसनापाशी बटणं असत: हिरवं होयचं, लाल नाहीचं, पिवळं तटस्थाचं. नुसतं रंगीत बटण दाबून भागत नसे. मतदान सुरू करणारी कळ दुसऱ्या हाताने त्याच वेळी दाबायची आणि दुसरी घंटा होईपर्यंत, साधारण दहा सेकंद, दोन्ही धरून ठेवायची. हात आधी सुटला की मत नोंदलं जायचं नाही. ज्यांचं चुकलं किंवा उमटलं नाही त्यांना चिठ्ठी देऊन दुरुस्ती करता येते, म्हणून फलकावरचा पहिला आकडा आणि अध्यक्षांनी जाहीर केलेला आकडा यांत फरक पडतो. वाहिन्या पहिल्यावर फटाके वाजवतात. तुम्ही दुसऱ्याची वाट बघा.

आपल्या विधानसभेत मोठ्या मतदानाला शिरगणती होते. आमदार एकेक करून उभा राहतो, आपलं नाव आणि क्रमांक मोठ्याने सांगतो, बसतो. ४ जुलै २०२२ ला अशीच मोजणी होऊन शिंदे सरकारने १६४ विरुद्ध ९९ ने विश्वास मिळवला. त्या दिवशी काँग्रेसचे काही आमदार दारं बंद झाल्यावर पोहोचले आणि बाहेरच राहिले. मुंबईच्या ट्रॅफिकला दोष द्यायचा की आणखी कशाला, ते ज्याने त्याने ठरवावं.

मतविभाजन योग्य क्षणी मागावं लागतं. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं जाहीर केलं. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभाजनाची मागणी लावून धरली, पण अध्यक्षांनी ती वेळेवर आली नाही म्हणून मानली नाही. राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता, पण कोणी कुठे मत दिलं याची नोंद त्यामुळे झालीच नाही. नोंद न होणं कोणाच्या सोयीचं होतं, हा उत्तरात लिहिण्याजोगा मुद्दा आहे.

सहावी पायरी: हिशेब स्वतः करा

"बहुमताचा जादुई आकडा १४५" ही पट्टी टीव्हीवर कायम फिरत असते. २८८ च्या सभागृहात सगळे आले आणि सगळ्यांनी मत दिलं तर तो बरोबर. पण अनुच्छेद १०० आणि राज्यांसाठी १८९ सांगतात ते हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत. समजा २८८ पैकी २० आमदार आलेच नाहीत, १० तटस्थ राहिले, अध्यक्ष सुरुवातीला मत देत नाहीत. उरले २५७. बहुमत १२९ वर. म्हणजे १४५ चं टोपलं कोणी भरलं नाही तरी सरकार तरू शकतं. अल्पमतातलं सरकार विरोधकांना सभागृहात आणण्यापेक्षा बाहेर ठेवण्यावर जास्त मेहनत घेतं, ते यासाठी. सभात्याग करणारा पक्ष सरकारला विरोध करत असेलही, पण त्याच वेळी सरकारची पायरी खाली आणत असतो.

जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव यांचं अल्पमतातलं सरकार अविश्वास ठरावातून वाचलं, ठरावाच्या बाजूने २५१ आणि विरोधात २६५. १४ मतांचा फरक. पुढे झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना लाच दिल्याचं प्रकरण बाहेर आलं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला की लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्याला अनुच्छेद १०५(२) चं संरक्षण आहे. घेतली आणि मत दिलंच नाही, तर मात्र संरक्षण नाही! हे उलटं गणित मोडायला मार्च २०२४ उजाडलं. सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की लाचेला संसदीय विशेषाधिकाराचं पांघरूण नाही.

आणि १९९९ चा एका मताचा हिशेब. गिरिधर गमांग फेब्रुवारीत ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचा राजीनामा त्यांनी दिला नव्हता. सहा महिन्यांत विधिमंडळावर निवडून यायची मुभा असल्याने त्यांना घाईही नव्हती. त्यांनी येऊन विरोधात मत दिलं. ते आले नसते तर २६९-२६९, आणि बरोबरी झाली की अध्यक्षांना निर्णायक मत मिळतं. अध्यक्ष होते जी. एम. सी. बालयोगी, सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या तेलुगू देसमचे. म्हणून "एका मताने" या शब्दांमागे दोन मतं बघा, एक पडलेलं आणि एक द्यायची वेळच न आलेलं. त्या वेळी लोकसभेत विरोधी पक्षनेते होते बारामतीचे शरद पवार.

सातवी पायरी: निकालानंतर, किंवा निकालाच्या आधीच

हरलेल्या पंतप्रधानांना मंत्रिमंडळासह राजीनामा द्यावा लागतो. मग राष्ट्रपती दुसऱ्या कोणाला संधी आहे का ते चाचपतात किंवा लोकसभा विसर्जित होते. १९९९ मध्ये पर्यायी सरकार जमलं नाही, २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली, आणि त्या उन्हाळ्यातलं कारगिल युद्ध काळजीवाहू सरकारने लढलं. काळजीवाहू म्हणजे हातपाय बांधलेलं नव्हे, मोठे धोरणात्मक निर्णय टाळावेत एवढाच संकेत.

पण अनेकांनी मतदानाची वाटच पाहिली नाही. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाई सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला, जनता पक्षातून माणसं गळत गेली आणि १५ जुलैला मोरारजींनी मतदानाआधीच राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेल्या चरणसिंह सरकारात चव्हाण उपपंतप्रधान झाले. चरणसिंहांना बहुमत सिद्ध करायचं होतं, काँग्रेसने पाठिंबा काढला आणि २० ऑगस्टला त्यांनीही संसदेला सामोरं न जाता राजीनामा दिला.

राजीनामा कधी द्यायचा हा निव्वळ स्वाभिमानाचा प्रश्न नसतो, त्याला कायदेशीर किंमत असते. ती महाराष्ट्राने मोजली. जून २०२२ मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ३० तारखेला बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं. २९ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. दहा महिन्यांनी घटनापीठाने म्हटलं की चाचणी बोलावण्याइतका आधार राज्यपालांकडे नव्हता, पक्षांतर्गत भांडण मिटवायला बहुमत चाचणी हे साधन नाही. पण ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत, स्वतः राजीनामा दिला, म्हणून जुनी स्थिती परत आणता येत नाही. वर्गात यावर दोन तट पडतात आणि पडू दे. उत्तर लिहिताना मात्र दोन्ही वाक्यं लिहा, आपल्या आवडीचं एकच नको.

राज्यपालांच्या दिवाणखान्यात आमदार मोजायचे नाहीत, बहुमत सभागृहातच मोजायचं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालापासून पक्कं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच धर्तीवर न्यायालयाने दिवस ठरवून दिला, खुलं मतदान आणि थेट प्रक्षेपण सक्तीचं केलं, आणि फडणवीसांनी चाचणीआधीच राजीनामा दिला. मग ३० नोव्हेंबरला हंगामी अध्यक्ष म्हणून आंबेगावचे दिलीप वळसे पाटील बसले आणि ठाकरे सरकारला १६९ मतं मिळाली. भाजपने सभात्याग केल्याने विरोधात एकही मत नाही.

जर्मनीची रीत वेगळी आहे. तिथे चान्सलरला काढायचं तर त्याच ठरावात नवा चान्सलर निवडावा लागतो. १ ऑक्टोबर १९८२ ला श्मिट गेले आणि कोल आले ते एकाच मतदानात. स्पेनमध्ये जून २०१८ मध्ये असंच झालं. आपल्याकडे विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात या दिशेची सूचना केली होती. ती कागदावर राहिली. माझं मत विचाराल तर आपल्या आघाड्यांच्या राजकारणात ही अट हवी होती. पाडणाऱ्यांनी आधी बांधायचं काय ते सांगावं.

गावात, सोसायटीत, महापालिकेत हेच शब्द, नियम वेगळे

मुळशी-हवेलीतून येणारी मुलं सरपंचावरच्या अविश्वास ठरावाची गोष्ट सांगतात आणि लोकसभेचे नियम त्याला लावतात. तसं होत नाही. ग्रामपंचायतीत सूचना तहसीलदारांकडे जाते, विशेष सभा तेच बोलावतात आणि अध्यक्षस्थानीही तेच असतात. साधं बहुमत पुरत नाही, आणि सरपंच थेट जनतेतून निवडून आलेला असेल तर प्रकरण ग्रामसभेच्या गुप्त मतदानापर्यंत जातं. ज्याला गावाने निवडलं त्याला केवळ सदस्यांनी काढू नये, असा त्यामागचा हिशेब. गृहनिर्माण सोसायटीच्या अध्यक्ष-सचिवांवरचा ठराव सहकार कायद्याच्या आणि निबंधकांच्या वाटेने जातो. तिथे नियम १९८ चा हवाला देणारे काका प्रत्येक सोसायटीत एक असतातच.

महापालिका आयुक्तांवरचा ठराव तर संसदीय नव्हेच. आयुक्त हे शासनाने नेमलेले अधिकारी, नगरसेवकांच्या विश्वासावर बसलेले मंत्री नव्हेत. २०१६ मध्ये नवी मुंबईत तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध सर्वसाधारण सभेने मोठ्या बहुमताने ठराव केला, पण राज्य सरकारने त्याला स्थगिती दिली. मुंढे पुढच्या वर्षी पुण्यात पीएमपी या शहर बससेवेच्या प्रमुखपदी आले.

शेवटचं काम: यादी उघडा

लोकसभेच्या चर्चांचे जुने खंड आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या मिळतात. सुरुवात जुलै १९९३ किंवा जुलै २००८ च्या खंडाने करा. २००८ चा ठराव विश्वासदर्शक, मनमोहनसिंह सरकारने २७५ विरुद्ध २५६ ने जिंकलेला. भाषणं आधी वाचू नका. सरळ शेवटी जा, जिथे मतविभाजनाची यादी असते: होय म्हणणारे, नाही म्हणणारे, तटस्थ. त्यात पुणे, बारामती आणि तेव्हाच्या आसपासच्या मतदारसंघांचे खासदार कुठे आहेत ते शोधा. मग निवडून आलेल्या सगळ्यांची यादी शेजारी घ्या आणि एकेक नाव खोडत चला. गैरहजर असलेल्यांचा वेगळा रकाना तिथे नसतो. खोडून झाल्यावर जी नावं उरतील ती का उरली, याचा शोध दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात घ्यायचा. २०२३ च्या ठरावाला हा व्यायाम करता येणार नाही, कारण आवाजी मतदानाची यादी निघत नाही.